नदीपल्याड पोचणारी बॅटरी

नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक उमरखेड तालुक्यातल्या एका गावात झाली. गावाला मोटारीचा रस्ता नव्हता. रस्ता होता नदीच्या पलीकडे. पावसाळ्यात नदी भरली की एकच डोंगा चाले, आणि तो चालवणारा म्हातारा पलीकडच्या काठावर झोपडीत राही. बाळंतपण अडलं तर बाईला डोंग्यातून पलीकडे न्यायचं, तिथून बैलगाडीनं सडकेवर, आणि मग उमरखेड. दिवसा पदर हलवला की म्हातारा यायचा. अंधार पडल्यावर मात्र पाण्याच्या आवाजात हाक पोचत नसे, आणि माझ्या दोन सेलांच्या बॅटरीचा उजेड अर्ध्या पाण्यात विरून जाई. अशाच एका संध्याकाळी हाका मारून मारून माझा घसा बसला आणि एक बाई काठावरच बाळंत झाली. ती वाचली. मूल गेलं.

त्यानंतर मी त्या बॅटरीच्या मागेच लागले. आधी वाटलं, सेल वाढवले की झालं. तारेनं आणखी दोन सेल जोडले, बल्ब क्षणभर पांढराशुभ्र पेटला आणि काळा पडून गेला. मग उमरखेडच्या मोटार मिस्त्रीकडून भंगारातल्या गाडीच्या दिव्याची चकचकीत वाटी आणली, मोटारसायकलचा बल्ब आणला, आणि दवाखान्यात आलेल्या दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यात सेल बसवले. डब्याच्या तोंडाशी ती वाटी. बल्बाखाली पुठ्ठ्याच्या चकत्या घालून तो पुढेमागे करत मी खोलीतल्या भिंतीवर उजेड पाडून बघत होते, तेव्हा पोलीस पाटील दारात येऊन उभे राहिले.

"नर्सबाई, भिंतीवर काय करून राह्यल्या?"

"उजेड लांब न्यायचा आहे, पाटील. डोंगा बोलवायले."

"आजवर डोंगा येतच होता ना?"

त्यांनी डबा उचलला, हलवून पाहिला, कानाशी धरला. तेव्हा सीमेवर लढाई चालू होती आणि रेडिओवर रोज सावध राहायला सांगत. मी परक्या गावची, एकटी राहणारी. त्यात आमच्या घरानं छप्पन साली बौद्ध धर्म घेतलेला. पाटलांच्या नजरेत हे सगळं एका जागी जमा होताना मला दिसत होतं. डबा खाली ठेवून ते गेले, पण दुसऱ्या दिवसापासून कोतवाल काही ना काही निमित्तानं दवाखान्यावरून चकरा मारू लागला.

भिंतीवर उजेडाचा ठिपका अगदी रुपयाएवढा झाला तेव्हा मी खूश होऊन काठावर गेले. उजेड काही पल्याड पोचला नाही. बराच विचार केल्यावर चूक ध्यानात आली: जवळच्या भिंतीवर उजेड गोळा होतो, तो पुढे गेला की पुन्हा फाकतो. बल्ब बसवायचा तर लांबचं काही बघूनच. गावाबाहेर एक मोहाचं झाड होतं. अंधार पडल्यावर बांधावर उभी राहून मी चकत्या काढत-घालत राहिले, आणि त्या झाडाची पानं वेगवेगळी दिसू लागली तेव्हा थांबले.

तशीच नदीवर गेले. उजेडाची सरळ पट्टी पाण्यावरून गेली आणि पलीकडे झोपडीचं दार दिसलं, डोंग्याचा दोरसुद्धा दिसला. म्हातारा बाहेर आला, त्यानं घाईनं दोर सोडला. मी हसले. पण डोंगा माझ्याकडे आलाच नाही. काठाकाठानं वरच्या अंगाला निघाला आणि झाडांच्या अंधारात दिसेनासा झाला.

सकाळी पदर हलवून मी त्याला बोलावून घेतलं.

"बाबा, काल काहून पळाले?"

"तुम्ही होत्या काय?" म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला. "मले वाटलं नाकेदार आला. एवढा उजेड जंगलवाल्याइपाशीच राह्यते."

मी त्याच्याबरोबर पलीकडे गेले. झोपडीमागे पळसाच्या फांद्यांखाली नुकत्या तासलेल्या चोरट्या सागाच्या फळ्या होत्या. म्हातारा माझ्याकडे बघत होता, मी फळ्यांकडे. मला डोंगा हवा होता.

"यापुढे मी उजेड झाकून-उघडून दाखवीन," मी म्हटलं. "तसा दिसला तर मीच समजा."

"आन नुसताच दिसला तर?"

"ते तुम्ही बघा."

झालं. आता माझा उजेड लुकलुकायला लागला, आणि पाटलांना हवं होतं तेच मिळालं. एका संध्याकाळी त्यांनी मला काठावर गाठलं. "हे तर इशारे झाले, बाई. आणा इकडं." त्यांनी डबा हातात घेऊन पलीकडे सरळ उजेड टाकला. डोंगा सुटला आणि वरच्या अंगाला पळाला.

"तुम्ही दाखवला की येते, मी दाखवला की पळते. काहून?"

काय सांगणार? "तुमचा हात हलला, पाटील," असं मी म्हटलं. त्यांनी डबा माझ्या हातात परत दिला.

आठवडाभरातच गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतल्या एका मजुराची बायको अडली. मूल आडवं होतं. खाटेवर घालून तिला काठाशी आणलं तोवर दिवस मावळला होता. मी उजेड दाखवला, डोंगा निघाला. तेवढ्यात पाटील कंदील घेऊन आले.

"मीही येतो. कोण भेटते तिथं, पाहू तर द्या."

नाही म्हणायला वेळ नव्हता. डोंग्यात ती बाई कण्हत होती, मी तिचा हात धरलेला, आणि पाटील समोर बसून पलीकडच्या अंधारात डोळे फाडून पाहत होते. काठाला लागल्यावर बैलगाडी मिळाली, मी बाईबरोबर चढले. मागे वळून पाहिलं तर पाटील कंदील उचलून झोपडीच्या मागच्या बाजूला चालले होते आणि म्हातारा लगबगीनं त्यांच्यामागे. आता डोंगा गेला, असंच वाटलं.

उमरखेडला मुलगी झाली, दोघी सुखरूप. परत येताना सडकेवरून नदीपर्यंत मी धास्तावूनच चालले. पण म्हातारा नेहमीसारखा डोंग्यात बसला होता.

"पाटील काय म्हणाले?"

"काही नाही. चहा पेले, गेले."

त्यानंतर पाटलांनी बॅटरीचा विषय काढला नाही. कोतवालाच्या चकरा थांबल्या. मी कितीदा उजेड दाखवला तरी कोणी विचारलं नाही. दिवाळीच्या सुमारास पाटलांच्या घराला नवी चौकट बसली. हळदीकुंकवाला त्यांच्या घरून बोलावणं येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आलंही नाही. पण लसटोचणीला त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा मी ती चौकट जवळून पाहिली. साग होता, चांगला तासलेला. पाटील ओसरीवर बसले होते. मी चौकटीकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"काय पाहून राह्यल्या, बाई?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या नातवाला सुई टोचली.