माठातलं पाणी आणि कन्नडचा मामा

ज्या भावासाठी ओवी चालली आहे, तोच दारात येऊन उभा राहिला तर बहिणीनं गाणं थांबवावं का?

काल शेजारी लग्नाची हळद दळत होते. त्या उग्र वासानं मला वाळूजच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तेव्हाही शेजारच्या मुलीची हळद होती; आई ओव्या म्हणत जातं ओढत होती आणि आठ वर्षांची मी त्यात हळकुंडं टाकत होते. आईनं दुसऱ्या जातीतल्या कामगाराशी लग्न केलं, म्हणून कन्नड गावच्या मामानं बारा वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "भावाची ओवी सोड गं. तुझा येतोय व्हय?"

"येत नाय म्हणूनच म्हणते. जिचा रोज येतो, तिला गाणं कशाला लागतंय?" आई म्हणाली.

आणि तिनं स्वतः रचलेली ओवी उचलली:

"पाठच्या माझ्या भावा, ये रे कन्नडच्या वाटंनं,
बारा वर्सांची तहान भागू दे माठाच्या पाण्यानं."

त्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका दारातूनच द्यायला आलेला मामा उंबऱ्यावर थबकला. आईनं त्याला पाहिलं. जातं थांबलं नाही. त्याच्याकडं बघत तिनं तीच ओवी पुन्हा म्हटली.

मामानं चपला काढल्या. "पुरं कर आक्का. पाणी दे."

तेव्हा वाटलं, मामा विरघळला. आज कळतं, आई जिंकली. बाबांच्या जातिअंताच्या पत्रकांवर मी वाढले. पण मामाला आत आणलं ते माफी न मागणाऱ्या त्या ओवीनं.

तुम्हीही एखादी बहीण अशी तोडली असेल, तर या रविवारी तिच्या घरी जा आणि जेवून या.