सागवानातली पट्टी

परवा सुताराकडे सागाच्या भुशाचा वास आला आणि मुलुंडची आमची गॅलरी आठवली.

संपानंतर बाबांची गिरणी बंदच झाली होती. मी त्याच गॅलरीत बसून दाराच्या जुन्या चौकटीच्या सागवानातून बेस गिटारची मान तासली होती. तारा चढवल्या की ती वाकायची. बाबांना माझं वाजवणं पसंत नव्हतं. एका दुपारी मात्र ते गिरणीतली आपली पोलादी मोजपट्टी घेऊन आले. आडवी धरून दाबली, वाकली. उभ्या कडेने धरून दाबली, तसूभरही हलली नाही.

"लाकडात खाच पाड. अशी उभी बसव."

"बाबा, परत मिळायची नाही हां."

"माहितेय रे. मोजायला आता उरलंय काय?"

मला तेव्हा फक्त पट्टी मिळाल्याचा आनंद झाला.

मान आजही सरळ आहे. वाजवणं मी केव्हाच सोडलं. गिटार मात्र कुणाला देववत नाही.