हॅमिल्टनमधली इटालियन एकादशी

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या एका इटालियन हॉटेलातल्या लोकांची ठाम समजूत आहे, की माझ्या आईला जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे. वास्तविक त्या दिवशी तिची एकादशी होती.

दुसऱ्या दिवशी आई साताऱ्याला परत निघणार होती. तिला एकदा तरी पांढऱ्या नॅपकिनच्या हॉटेलात जेवू घालायचंच, असा माझा हट्ट. मी, आई आणि माझी मुलगी सई टेबलावर बसलो आणि आईने कपाळावर हात मारला.

"अगंबाई, आज एकादशी! तुम्ही जेवा, मी पाणी पिते."

पाणी? शेवटच्या दिवशी?

तेवढ्यात वेट्रेस आली. "किया ओरा!" तिने इथला माओरी नमस्कार केला. तिला उपवास समजावता समजावता माझं इंग्रजी संपलं. शेवटी म्हणालो, "ॲलर्जी! गहू, तांदूळ, कांदा, लसूण, मांस, मासे, अंडी."

"मग चालतं काय?"

"बटाटे. आणि शेंगदाणे. हीप्स! ढीगभर!"

मुळातच गोरी पोरगी आणखी पांढरी पडली. (ज्या देशात शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने बालवाड्या रिकाम्या होतात, तिथे ही बाई शेंगदाण्यांवर जगते!) आतून शेफबाई धावत आल्या.

"तूप आहे का विचार त्यांना," आई उत्साहाने म्हणाली. "नसेल तर लोणी चालेल."

शेफबाईंनी हातमोजे घालून ब्रेडची टोपली उचलली. "या टेबलावर यातलं काहीही येणार नाही. कणभरसुद्धा रिस्क नको!" माझं लँब रद्द! सईचा पिझ्झा रद्द!

"बाबा, बट आय ॲम नॉट ॲलर्जिक!"

"स्वीट ॲज," शेफबाई म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'काही काळजी नको'. "तिघांनाही बटाटे."

लोण्यात परतलेले बटाटे आले, वर भरडलेले दाणे. आईला इंग्रजी येत नाही. तिने तिन्ही ताटल्यांकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"माझ्यासाठी तुम्हीही उपवास धरलात रे?"

सई खरं बोलायच्या आत मी टेबलाखालून तिला पाय मारला. आई मात्र दोनदा मागून घेऊन जेवली. "चव आहे हो बाईच्या हाताला!"

आता गुडघ्यांमुळे तिचं येणं होत नाही. त्या हॉटेलावरून गेलो की तिची फार आठवण येते.

तिने साताऱ्यात गल्लीभर सांगितलंय, की परदेशात राहून पोरगा एकादशी करतो. त्यामुळे दर एकादशीला नेमका माझ्या लंच ब्रेकमध्ये तिचा फोन येतो. "उपवास आहे ना रे?"

मी नुसतं "हं" म्हणतो. तोंडात सॉसेज असताना याहून जास्त बोलता येत नाही.