पाटलांची वखरकाठी

वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांतले किस्से सांगायला बसलो की माझी गत अमरावतीच्या बाजारातल्या हमालासारखी होते. एक गाडी रिकामी करून कंबर सरळ करावी, तर मागं दुसरी उभी! म्हणून आज फक्त एका काठीचे सांगतो.

मी तेव्हा डंकन साहेबाचा मुनशी होतो. साहेब स्कॉटलंडचा, कापूस खरेदीसाठी अमरावतीला आलेला. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, विलायतेच्या गिरण्या कापसासाठी हपापलेल्या. त्यामुळे दिवसभर साहेबाला दम खायला फुरसत नसे. संध्याकाळी मात्र तो कॅम्पाशेजारच्या पडीत वावरात गोल्फ खेळायचा. वावर आनाजी पाटलांचं.

पहिल्या दिवशी पाटील बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. साहेबानं बॉल मारला, शोधला, पुन्हा मारला, पुन्हा शोधला.

"मुनशीजी, हे काय करून राह्यले?"

"तो बॉल त्या बिळात घालायचा असतो."

"मंग हातानं काहून नाई घालत?"

मी प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला. साहेब इतका हसला की त्याची टोपी पडली. म्हणाला, "त्याला सांग, लग्न झाल्यापासून माझी बायको हेच विचारते आहे!"

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः काठी घेऊन उभे! खेळाला मात्र ते शेवटपर्यंत 'गोफण'च म्हणत.

*

आमच्यात चौथे होते करीमभाई. अकोल्याचे रुईचे दलाल, सौद्यासाठी येत आणि खेळून जात. माणूस शौकीन! साहेबाच्या पिशवीतली सगळ्यांत लांब, सगळ्यांत चकचकीत काठी उचलली आणि बॉल असा हाणला की साहेब "शाबास" म्हणाला. पण बीळ जवळ आलं की करीमभाईंचा घाम निघे. बॉल कधी इकडून पुढं, कधी तिकडून मागं.

"मुनशीजी," ते कपाळ पुसत म्हणाले, "दिल्ली तो एका टोल्यात गाठतो मी. पर लाल किल्ल्याचा दरवाजाच घावत नाही!"

साहेब म्हणे, लांब कोणीही मारतो. जवळचा बॉल उचलून अलगद टाकणारी काठी ज्याला सापडली, तो जिंकला. झालं! करीमभाई दर फटक्याला नवी काठी मागू लागले. शेवटी पाटील वैतागले.

"करीमभाई, दर फेरीले बैल बदलला तं वावर वाहाचं कवा?"

*

खुद्द पाटलांची अडचण निराळी. बाजाराला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या त्याच वावरातून जात. पावसात काळ्या मातीत चाकोऱ्या पडायच्या आणि उन्हात वाळून दगड व्हायच्या. बॉल नेमका त्यात जाऊन बसे. साहेबाकडे चाकोरीसाठी लहान तोंडाची एक खास लोखंडी काठी होती, विलायतेहून आणलेली. पाटलांनी तिनं एकच टोला मारला. दांडा त्यांच्या हातात राहिला आणि तोंड बांधापलीकडे गेलं!

पाटील सरळ लोहाराकडे गेले. जुन्या वखराची पास, म्हणजे जमिनीत चालणारी लोखंडी पाती, तिचा तुकडा कापून घेतला. त्याला तिरकं रुंद तोंड करवलं, बाभळीचा दांडा बसवला आणि संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात आले. पहिलाच फटका! हातभर ढेकूळ उडालं, बॉल जागचा हलला नाही.

"विचार त्याला," साहेब मला म्हणाला, "हा खेळतो आहे की नांगरतो आहे?"

मी विचारलं. पाटलांनी मिशीवरची माती झटकली.

"त्याले सांगा, वावर माहं हाये. आधी मशागत, मंग पीक!"

*

मग पाटील अंगणात सराव करू लागले. बॉल उचलून टोपलीत टाकायचा. महिनाभरात हात असा बसला की जवळजवळ प्रत्येक बॉल टोपलीत! एके सकाळी ते मुद्दाम मला बघायला घेऊन गेले. पाटलीणबाई ओट्यावर तुरी पाखडत होत्या. त्या उठल्या, टोपली थोडी अलीकडे सरकवली आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसल्या.

पाटलांचा बॉल टोपलीवरून गोठ्यात गेला. दुसराही. गोठ्यातून म्हैस ओरडली.

"हे काय चालवलं तुवा?" पाटील चिडले.

"सायेबाचं बीळ काय आपल्या अंगनात हाये?" बाई सूप न थांबवता म्हणाल्या. "तुमी काठी हालवा, मी टोपली हालवते!"

तेव्हापासून त्या रोज सकाळी टोपली नव्या जागी ठेवत. वावरात पाटलांचा बॉल बिळाशी अलगद उतरायला लागला तो तिथून. डंकन साहेबाला वाटायचं, आपल्या शिकवणीमुळे!

*

साहेबानं खूश होऊन पाटलांसाठी बोटीनं खास नवी काठी मागवली. पॉलिश केलेली, मुठीला चामडं. भेट म्हणून आलेली, नाही कसं म्हणणार? पाटील आठवडाभर तिनं खेळले आणि आठवडाभर हरले.

मग एका संध्याकाळी जुनी वखरकाठी खांद्यावर टाकून ते हजर!

साहेबाचं तोंड उतरलं. "माझी काठी आवडली नाही?"

"राम राम, सायेब! लय आवडली. म्हून तं देवघरात ठेवली." पाटील हात जोडून म्हणाले, "देवाले कोनी कामाले लावते काय?"

साहेबानं हे स्कॉटलंडला बायकोला कळवलं. पाटलांकडे रोज आपल्या काठीची पूजा होते, असा त्याचा पक्का समज होता.

*

पुढच्या हिवाळ्यात अकोल्याचे साहेब लोक अमरावतीकरांशी सामना खेळायला आले. त्यांच्यात एक नवा अंमलदार होता, ताठ मानेचा. पाटलांना काठी घेऊन उभं बघून तो म्हणाला, "नेटिवांनी काठ्या वाहायच्या. खेळायचं आम्ही."

डंकन साहेब लाल झाला. "हा खेळणार नसेल तर मीही नाही."

"ठीक. खेळू दे. पण हरला, तर यापुढं त्यानं आमची पिशवी उचलायची."

हे मला पाटलांना सांगावं लागलं. त्यांच्याच वावरात! पाटील एवढंच म्हणाले, "हाव म्हना, खेळतो."

शेवटच्या बिळापर्यंत दोघं बरोबरीत. अंमलदाराचा बॉल बिळापासून हातभर. पाटलांचा चाकोरीत, आणि पुढ्यात कापसानं भरलेली गाडी आडवी! आस मोडल्यामुळे तिथंच बसलेली. सोडलेले बैल शेजारी कडबा खात होते, आणि गाडीवान चाकाला टेकून चिलीम ओढत होता.

"बॉल हलवायचा नाही. जिथं पडला तिथूनच," अंमलदार म्हणाला.

करीमभाई कुजबुजले, "पाटील, बाजूनं काढा. एक टोला जाईल, पर बॉल कापसात तर अडकणार नाही."

पाटलांनी वखरकाठी दोन्ही हातांत धरली. गाडीवानाला हाक मारली, "सरक बापा जरा!"

"मारा ना पाटील," तो चिलीम न काढता म्हणाला, "तुमची काठी हाये, मले काय भेव!"

चाकोरीतून मातीचा फुफाटा उठला. बॉल गाडीच्या, कापसाच्या, गाडीवानाच्या डोक्यावरून गेला. पलीकडे 'टप' झालं. आम्ही धावलो. बीळ रिकामं नव्हतं!

करीमभाईंनी मला मिठीच मारली. अंमलदार वाकून बिळात बघून आला. मग माझ्याकडे वळला. "नशीब! विचार त्याला, पुन्हा मारून दाखवतो का?"

मी विचारलं. पाटील काठीची माती धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

"त्याले सांगा, पयल्यांदा तू मार. मंग मी दुसऱ्यांदा मारतो!"

मुनशीगिरीत मी अनेक कडू बोलणी गोड करून सांगितली होती. हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं.

अंमलदारानं कोट काढला. वखरकाठी मागून घेतली, चाकोरीत बॉल ठेवला आणि गाडीकडे तोंड करून काठी उगारली.

गाडीवानानं चिलीम टाकली, दोन्ही बैलांच्या वेसणी धरल्या आणि त्यांना घेऊन पार बांधापलीकडे पळाला!