हिलाच का सूट?

सांधेवाल्या आबांना गोळी दिली की ती तळहातावर घेऊन ते आधी विचारत, "ही पोटात जाऊन काय करनार?" सांगितल्याशिवाय गिळायचे नाहीत. आबा कुसगावचे. रेल्वेच्या घाटात रुळांचे सांधे बदलण्याचं काम करून निवृत्त झालेले. मी लोणावळ्यातल्या एका छोट्या दवाखान्यात नवी डॉक्टर. बाकीचे रोगी मला देव मानायचे. आबांनी थेट परीक्षेला बसवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आबांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर म्हटल्यावर त्यांची मुलगी शांता रडू लागली. आबा म्हणाले, "तू रड, तवर मी इचारून घेतो."

मी नुकतंच वाचलेलं ऐटीत सांगितलं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवस काम करून मरतात. एखादी बिघडली तर ती त्याआधीच स्वतःला संपवते. या गाठीतल्या मात्र बिघडूनही मरत नाहीत, वाढतच राहतात.

आबा सावरून बसले. "म्हंजी आमच्या घाटावानी. उताराची गाडी आदी उभी ऱ्हायची, ब्रेक ठीक हाय दावायची, मगच आमी सरळ वाट द्यायचो. न्हाई थांबली तर आपसूक चढाच्या फाट्यावर जाऊन अडकायची. मग ह्या बिनब्रेकाच्या गाडीला सरळ वाट दिली कुनी?"

इतकं चोख मला प्राध्यापकांनीही शिकवलं नव्हतं.

"आनि आमी बुद्धाला मानतो, बाई. उपजलं ते जानार. मग हिलाच का सूट? ते सांगा, मग कापा."

गाठ वाढून आतडं बंद व्हायला वेळ लागणार नव्हता. होती नव्हती ती पुस्तकं चाळली. दोन दिवसांनी मान खाली घालून म्हटलं, "आबा, मला माहीत नाही. अजून कुणालाच नीट माहीत नाही."

आबा खुशीत हसले. "आता खरं बोलला. घाट तोंडपाठ हाय म्हननाऱ्या डायवरचीच मला लय भीती वाटायची. कवा कापता?"

पुण्याहून सर्जन आले, गाठ निघाली. आबा पुढे सहा वर्षं जगले. दर तपासणीला आधी तेच मला विचारत, "घावलं का?" मी नाही म्हटलं की माझीच समजूत घालत, "घावंल. घाई करू नका, पन बसू बी नका." मग ती गाठ यकृतात उगवली आणि आबा गेले. मला त्यांचा फार लळा लागला होता. त्या दिवशी रोग्यांसमोरच रडले.

पुष्कळ वर्षांनी अर्धंमुर्धं उत्तर वाचायला मिळालं. अशा काही पेशींत मरणाचा हुकूम अडवून धरणारी प्रथिनं फार असतात. काहींत बिघाड ओळखणारा पहारेकरीच निकामी झालेला असतो. मी तडक कुसगाव गाठलं. शांताचेही केस पांढरे झाले होते. तिनं चहा टाकला, मी सगळं सांगितलं आणि तिनं ते मन लावून ऐकलं.

"लय बरं झालं," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "पन बाई, त्यो पहारेकरी निकामी झाला कशानं?"