ओल्मेकांचं बाळ आणि ओंजळभर मीठ

आधीच सांगतो, भुताखेतांवर, अंगात येण्यावर, शकुनांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. मीटर दाखवेल ते खरं, आणि मीटर चुकत असेल तर तो कॅलिब्रेट करायचा... विषय संपला. इथे लोक लिहितात ते असले अनुभव मी चहा पीत पीत वाचायचो आणि बायकोला वाचून दाखवून हसायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय. यात न उलगडणारं जे आहे त्याची मला भीती वाटत नाही. लाज वाटते, ती माझ्या स्वतःच्या वागण्याची.

१९९५ साल. आम्ही कुवेतला मंगफमध्ये राहत होतो, तिसऱ्या मजल्यावर. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, आठवा महिना चालू होता. एका सकाळी तिला बाळाची हालचाल जाणवेना. हॉस्पिटलला नेलं. दुपारी मुलगी झाली, पण गेलेलीच.

आमच्याकडे इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि खड्ड्यात मीठ घालतात. सुलभाने पलंगावरूनच माझा हात धरला. म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतः जा. आणि मीठ विसरू नका."

मी गेलो नाही.

प्लांटमध्ये शटडाउन होता हे खरं, पण साहेबांनी सुट्टी दिली होती. मी घाबरलो, दुसरं काही नाही. नर्सने कापडात गुंडाळलेलं बाळ पुढे केलं आणि माझे हात वर येईनात. सोबत आमच्या कंपनीचे हनीफभाई होते – दापोलीकडचे, इकामाची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याची, कामं बघणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाळ स्वतःकडे घेतलं. "साहेब, तुमी गाडीत बसा. मी करतो सगला."

मी गाडीतसुद्धा बसलो नाही. टॅक्सी करून घरी आलो आणि चक्क झोपलो.

संध्याकाळी परत हॉस्पिटलला गेलो, सुलभाने विचारलं तेव्हा मी सांगितलं की स्वतः गेलो, माती दिली, मीठ घातलं, चांगलं ओंजळभर. "कुठे?" तिने विचारलं. "भिंतीजवळ. एक झाड आहे, त्याच्या खाली." झाड होतं की नाही, देव जाणे! ती रडली आणि म्हणाली, बरं झालं, सावली आहे.

पुढे सहा वर्षं हनीफभाई दिसले की मी दुसऱ्या कॉरिडॉरने जायचो. नेमकं कुठे पुरलं, हे मी एकदाही विचारलं नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. आम्हाला परत मूल झालं नाही.

२००१ मध्ये आमच्या प्रोजेक्टवर रामोन नावाचा मेक्सिकन कन्सल्टंट आला. पन्नाशीचा, गप्पिष्ट, आपल्या लोणच्यावर तुटून पडणारा. त्याचं गाव ओल्मेक लोकांच्या मुलखातलं. हे ओल्मेक म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या दलदलीत राहणारी माणसं. पुरुषभर उंचीहून मोठी दगडी डोकी कोरायचे. आपल्याकडे त्यांचं नाव कोणाला माहीत असतं? मलाही नव्हतं.

काम संपवून परत जाताना रामोनने मला एक वस्तू दिली. ओल्मेकांच्या मातीच्या बाळाची नक्कल. पांढरं, गुबगुबीत, पाय फाकून बसलेलं, डोकं जरा लांबट, ओठांची टोकं खाली वळलेली... रडू फुटायच्या आधी बाळाचं तोंड होतं ना, अगदी तसं. अशी बाळं ते का घडवायचे, हे नक्की कोणालाच माहीत नाही म्हणे.

मग त्याने ला व्हेंटा नावाच्या जागेची गोष्ट सांगितली. तिथे ओल्मेकांनी दगडाच्या सोळा छोट्या मूर्ती घोळक्याने उभ्या करून पुरल्या होत्या, जणू काही बैठकच चालू आहे. वरून रंगीत मातीचे थर देऊन जमीन सपाट केली. आणि बऱ्याच वर्षांनी कोणीतरी बरोबर त्याच जागी खड्डा घेतला, मूर्तींची डोकी दिसतील इतकाच. पाहिलं, आणि परत बुजवून टाकलं.

"वर काहीतरी खूण ठेवली असेल," मी म्हणालो.

रामोनने खांदे उडवले. "सापडली तरी नाही. पण त्यांना ठाऊक होतं. आपलं कुठे ठेवलंय ते माणूस विसरतो का?"

मी चहाचा कप धुवायला उठून गेलो.

ते बाळ मी घरी न्यायलाच नको होतं. पण बॅगेत राहिलं आणि सुलभाने डबा काढताना पाहिलं. मला वाटलं, आता रडेल. तिने ते नळाखाली धुतलं, पदराने पुसलं आणि टीव्हीवर ठेवलं. जेवताना शांतता नको म्हणून मी तिला ला व्हेंटाची गोष्ट सांगितली. माझी अक्कल बघा! ती भाताचा घास हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "या शुक्रवारी मला तिच्याकडे घेऊन चला."

सहा वर्षांत तिने हे पहिल्यांदाच मागितलं होतं. नाही कसं म्हणणार? मी ठरवलं, आत जाऊन भिंतीजवळची कुठलीतरी जागा दाखवायची. आहे का निर्लज्जपणाला सीमा!

शुक्रवारी सकाळी निघालो. बाळ तिच्या मांडीवर, ओढणीत गुंडाळलेलं. परधर्मीयांचं ते कब्रस्तान शहराबाहेर होतं. फाटकातून आत शिरलो. आत एकही झाड नव्हतं. नुसती वाळू, वाळूचे छोटे उंचवटे, कुठे दगड, कुठे काहीच नाही.

सुलभाने एकदा चौफेर पाहिलं. मग माझ्याकडे न बघता चालायला लागली. भिंतीकडे नाही, बरोबर उलट्या दिशेला. थांबली नाही, शोधलं नाही, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जावं तशी गेली. एका उंचवट्यापाशी खाली बसली, बाळ बाजूला ठेवलं आणि हाताने वाळू सारली. खाली निळ्या लादीचा एक तुकडा उभा रोवलेला निघाला.

मग तिने पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. जाडं मीठ. ओंजळ भरून तिने ते तिथे घातलं आणि वर परत वाळू ओढली.

"मीठ राहिलं होतं," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला. "नका काही बोलू. तुम्ही आला असतात तर राहिलं नसतं."

परत निघताना तिने ते बाळ पुन्हा ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलं.

शनिवारी, सहा वर्षांनी, मी हनीफभाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. जागा विचारली. "फाटकातून उजवीकडं साहेब. निली लादी लावलीय मी खुनेला. वर्षातून एक डाव जाऊन बघतो, वारा वालू ढकलतो ना." सुलभाला सांगितलं होतं का? त्यांनी कानाला हात लावला. वहिनींना ते कधी भेटलेच नव्हते. त्यांची बायको-मुलं गावी. त्यांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती, माझी अब्रू जाईल म्हणून. मीठ घातलं होतं का विचारलं तर म्हणाले, "आमच्यात नसतं ना साहेब. तुमी सांगितलंच नाय."

आता लॉजिक लावून लावून थकलो. मी झोपेत बरळलो असेन, तर मीठ नसल्याचं तिला कळेल. पण जागा मलाच माहीत नव्हती! ती कधी एकटी गेली असेल? तिला गाडी येत नाही, आणि अंतर इतकं की टॅक्सीशिवाय जाणं अशक्य. तसं असतं तरी शेकडो उंचवट्यांतला तोच एक कसा? तिला विचारायची माझी हिंमत नाही. रामोनचं ते बाळ आता नाशिकला आमच्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे विचारतात, आणि मी ओल्मेकांची माहिती सांगत बसतो.

हनीफभाईंची माफी मागितली. सुलभाची मागायला गेलो तेव्हा तिने टीव्हीचा आवाज वाढवला. तशी ती चांगली वागते, माझी पथ्यं सांभाळते, हसते-बोलते. वाणसामानाची यादी करून मलाच दुकानात पाठवते. फक्त त्या यादीत मीठ कधी नसतं. मीठ संपलं की चप्पल घालून ती स्वतः जाते.