चौकला नेलेले एकेचाळीस हिरवे बोर्ड

दादाचं कर्जतजवळच्या दहिवलीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं. तो जाऊन वर्ष झालं, पुढे ढकलायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. शनिवारी सकाळी नेरळहून स्कूटी काढली. कर्जतपर्यंत रस्ता बरा आहे, फक्त सकाळी विटांच्या ट्रकमागे अडकायची तयारी ठेवा.

जुन्या हार्ड डिस्क विकायच्या असतील तर त्यांच्या पोटाखालचा हिरवा बोर्ड वेगळा काढून न्या, भाव बरा मिळतो. हे मला चौक गावच्या भंगारवाल्या काकींनी फोनवर सांगितलं. चांदणीच्या टोकाचा बारीक स्क्रूड्रायव्हर लागतो. दिवसभर मी तेच केलं. मध्ये वडापाव खाल्ला तोही दुकानाच्या पायरीवर, कारण आत दादाची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर बसवेना.

प्रत्येक डिस्कवर दादाने मार्करने गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं, आणि तेच नाव बोर्डवरही. लोकांची नावं भंगारात जाऊ नयेत म्हणून मी स्पिरिटने एकूण एक बोर्ड पुसला. स्वतःवर जरा खूशही झाले. ‘घरचे’ असं लिहिलेली एक डिस्क होती. ती अर्थातच विकायची नव्हती. पण हात चालू होता, तिचाही बोर्ड निघाला आणि पुसला गेला. माहिती आतल्या चकतीवर असते, बोर्ड म्हणजे झाकण, अशी माझी समजूत. डिस्क पर्समध्ये, बोर्ड पिशवीत.

रविवारी कर्जतच्या चार फाट्यावरून चौक गाठलं. जुन्या हायवेला लागलं की गॅरेजांची ओळ आहे, तिथेच काकींचं गोदाम. अलीकडच्या ढाब्यावर मिसळ चांगली मिळते, सत्तर रुपये. एकट्या बाईला टेबल द्यायला वेटर कुरकुरत नाही, हेही नोंदवते.

काकी साठीच्या, कपाळाला फडकं बांधलेल्या. पिशवी काट्यावर ठेवली आणि मी दादाचं नाव सांगितलं. त्यांनी ती पुन्हा खाली उतरवली.

“तो भावोस तुजा? सुटे पार्ट काढायला इथनं बोर्ड शोधून घेऊन जायचा गं, एक कदी विकला नाय. तासतासभर ढिगात बसायचा. आमी म्हनायचो, अंड्यावरची कोंबडी बरी, लवकर उठते.”

मग त्यांनी एक बोर्ड उलटसुलट केला. “नावं कुठं हायत?”

मी पुसल्याचं सांगितलं. काकी हसल्या नाहीत.

“जिचा बोर्ड तिलाच लागतो, बाय. दुसरा घातला तर डिस्क फिरंल, पन वाचायची नाय. तोच सांगायचा. म्हनून तर लिवायचा.”

मी पर्समधून ‘घरचे’ बाहेर काढली. त्या डिस्कमध्ये काय आहे मला नक्की माहीत नाही. बहुधा आईच्या साठाव्या वाढदिवसाचं चित्रण. कॅमेरा दादाच्या हातात, म्हणजे तो कुठेच दिसणार नाही, फक्त “आई, इकडे बघ” एवढं ऐकू येईल. त्याचा आवाज माझ्याकडे आणखी कशातच नाही.

काकींनी ताडपत्री अंथरली. आम्ही दोघींनी भिंगाखाली छापील नंबर जुळवले. त्या डिस्कला बसतील असे चार बोर्ड निघाले. उरलेले सदतीस त्यांनी तोलून घेतले. चहा पाजला. चारांचं काय करायचं ते मी विचारलं, तर म्हणाल्या, “एकेक लावून बघ. घाई करू नकोस.”

परतताना कुठेही थांबले नाही, त्यामुळे वाटेतलं सांगण्यासारखं काही नाही.

घरी पहिला बोर्ड बसवला, डिस्क लॅपटॉपला जोडली. ती फिरली, आतून टक टक असा आवाज आला, आणि बंद पडली.

तीन उरलेत. आईच्या मिसळणाच्या डब्यात ठेवलेत, प्रत्येक वेगळ्या वाटीत. गिऱ्हाइकांच्या नावांची मी जेवढी काळजी घेतली तेवढी या एका शब्दाची का घेतली नाही, हे रोज स्वतःला विचारते. स्क्रूड्रायव्हर टेबलावरच आहे, दुसरा बोर्ड अजून लावून पाहिलेला नाही. त्या प्रवासाला पाच आठवडे झाले. तीन उरलेत तोवर त्यातला एक बरोबर आहे.